पाहुण्याचा मुक्काम

४ मार्च

धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते उघडण्याआधी दोनदा टेबलावर आपटलं असशील. आपट, आत फुटण्यासारखं काही नाही. फोन तू उचलत नाहीस, मेल न वाचता पुसतोस, पण हाताने लिहिलेला कागद फेकणं तुला लहानपणापासून जमलेलं नाही. म्हणून हा मार्ग. मी हळवी वगैरे झालेली नाही, गैरसमज नको. काम आहे.

आमच्या विद्यापीठाने पहिल्या वर्षाच्या सगळ्या मुलांसाठी एक सामायिक पाठ्यपुस्तक काढायचं ठरवलंय. कायद्याच्या मुलांना पेशी कळावी, पेशीवाल्यांना कायदा कळावा, असा थोर हेतू. त्यातलं एक प्रकरण माझ्या गळ्यात पडलंय, 'स्व आणि शेवट'. 'मी' म्हणजे कोण आणि हा 'मी' कुठे, कसा संपतो, याबद्दल निरनिराळी शास्त्रं काय म्हणतात ते सांगायचं. दर शास्त्राला दोन पानं. मंडळाचा नियम असा की ज्या विषयाची पानं, त्याच विषयाच्या माणसाने लिहायची. संपादकाने नुसतं जोडायचं आणि छाटायचं. तत्त्वज्ञानाची दोन पानं मी केव्हाच लिहून टाकली. सुरेख झालीत. कायद्याची तू लिहावीस असं अध्यक्षांचं मत आहे. माझंही तेच मत आहे, पण तेवढ्यासाठी नकार देऊ नकोस.

काल कॉम्प्युटर विभागात जाऊन आले. तिथले सर तुला आठवत असतील, खडू बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी बोटं झटकत बोलतात ते. ते म्हणाले, "मॅडम, स्वतःलाच बोलावणारा प्रोग्राम लिहायचा असेल तर सगळ्यात आधी काय लिहायचं? थांबायचं कधी, ते. ते विसरलात की संपलं. तो स्वतःला बोलावत बसतो, मशीनमधली जागा संपेपर्यंत." मी म्हटलं, "अशी माणसं आमच्या विभागात बरीच आहेत." ते हसले नाहीत. त्यांनी ते वाक्य लिहून घेतलं आणि 'याचा आमच्या विषयाशी संबंध काय' असं विचारलं.

तुझी भाची मजेत आहे. ठमी अजून त्याच तरणतलावावर पोहायला शिकवते आणि अजून माझ्या उश्यांना तिच्या केसांतल्या क्लोरीनचा वास येतो. तेवीस वर्षांची घोडी झाली, पण टॉवेल उचलून ठेवत नाही. माझंही छान चाललंय. हल्ली बूट चावतात, म्हणून विभागात सपाता घालून जाते आणि कोणाची काही बोलायची हिंमत होत नाही.

डॉक्टर तुझ्या किडनीला अजून पाहुणाच म्हणतात. तुझ्या पोटातून काढून माझ्या पोटात बसवली तेव्हापासूनचा त्यांचा हा विनोद, आणि दर तपासणीला तो तेवढ्याच उत्साहाने करतात. "काय म्हणतायत पाहुणे?" मी सांगते, "खाऊनपिऊन आहेत."

पानं एप्रिलअखेर हवीत.

संपादक


२८ मार्च

धाकट्या,

उत्तर नाही. ठीक आहे, मी थांबणारी नाही हे तुला ठाऊक आहे. मला थांबायची अट कोणी आधी लिहून दिलेली नाही.

या आठवड्यात मानसशास्त्राच्या बाईंकडे बसले होते. त्यांच्या खोलीत दोन खुर्च्या आहेत आणि दोन्ही दाराच्या बाजूला तोंड करून. का, तर समोरच्याला वाटलं तर उठून जाता यावं. त्यांच्या शास्त्रात शेवट ही एक पायरी आहे, ठरवून चढायची. माणूस उपचाराला आला की पहिल्याच भेटीत आपण कसे थांबणार हे बोलून ठेवतात. शेवटच्या काही भेटी फक्त निरोपासाठी. मी विचारलं, "आणि एखादा मध्येच उठून गेला तर?" त्या म्हणाल्या, "आम्ही पत्र पाठवतो. खुर्ची रिकामी ठेवली आहे, असं कळवतो." मग माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. या बायकांचं हेच मला आवडत नाही.

तुझं उठून जाणं आमच्या विभागात अजून प्रसिद्ध आहे, सांगून ठेवते. वार्षिक व्याख्यान, सभागृह भरलेलं, तू पहिल्या रांगेत नवा शर्ट घालून. आपल्या दोघांच्या जखमा भरून वर्ष झालं होतं. आणि मी म्हटलं, "माझ्या पोटात एक किडनी आहे. ती माझ्या भावाच्या शरीरात होती तेव्हा त्याची होती. आज ती माझी आहे. तिच्यात माझा भाऊ किती उरलाय? शून्य. दिलेल्या वस्तूत देणारा उरत नाही." टाळ्या पडल्या. टाळ्यांमध्ये तुझ्या खुर्चीची बैठक खाडकन वर आपटली तो आवाज मला व्यासपीठावर ऐकू आला. मला वाटलं, तू पाणी प्यायला गेलास.

महिन्याभरात तू लांबची नोकरी घेतलीस. माझ्या वाढदिवसाला एक कार्ड आलं, 'शून्याकडून शुभेच्छा'. त्यानंतर तेही नाही.

युक्तिवाद बरोबर होता, धाकट्या. आजही बरोबर आहे. तुझ्या शास्त्रातही हेच नाही का? वस्तू दान दिली, समोरच्याने ती घेतली, की देणाऱ्याचा तिच्यावरचा हक्क संपला. हे मला कॉलेजात असताना तूच शिकवलं होतंस, माझी सायकल बळकावून. मी मागायला आले तर म्हणालास, "दिली होतीस ना? मग झालं." त्या सायकलीत मी किती उरले होते?

आता एक दुरुस्ती. मागच्या पत्रात पाहुणे खाऊनपिऊन आहेत असं लिहिलं होतं. नाहीत. गेल्या हिवाळ्यापासून रक्तातलं क्रिएटिनिन वर चढतंय, म्हणजे किडनी थकत चाललीय. बायोप्सी झाली. डॉक्टरांनी या वेळी विनोद केला नाही, त्यावरून मी समजायचं ते समजले. आणखी काही महिने काढेल म्हणतात, वर्ष नाही. बूट चावत नाहीत, पाय सुजतात.

हे तुला कळवायचं की नाही यावर मी स्वतःशीच बराच वाद घातला. ज्याचा हक्क संपला त्याला कळवायची गरज नाही, असा निकाल लागला. तरी कळवते आहे. हरलेल्या बाजूनेही कधी कधी बोलावं.

कायद्याची दोन पानं बाकी आहेत.

संपादक


१९ एप्रिल

धाकट्या,

या वेळी कामाचं पत्र नाही. म्हणजे आहे, पण दुसऱ्या कामाचं.

ठमी मला तिची किडनी द्यायची म्हणते. तिने हे जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं, ताटातलं संपवता संपवता, उद्या केस कापणार आहे असं सांगावं तसं. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "तुला विचारलं नाही, सांगितलं." ही भाषा तिने कोणाकडून उचलली ते मला विचारू नकोस.

मी तिला शास्त्रशुद्ध समजावलं. जीवशास्त्राच्या मॅडमकडे प्रकरणासाठी जाणारच होते, तिलाही बरोबर नेलं. मला वाटलं, शरीर परक्या गोष्टीला कसं वागवतं हे ऐकून पोरीचं डोकं ताळ्यावर येईल. मॅडमच्या प्रयोगशाळेत बसायला एकच उंच स्टूल होतं, ते त्यांनी मला दिलं, आणि ठमी सिंकला टेकून उभी राहिली. मॅडम शांतपणे शिकवत होत्या. शरीराला दिवसभर एकच उद्योग असतो, म्हणाल्या, हे माझं आणि हे माझं नाही, एवढं ओळखणं. आणि शेवटाची सोय प्रत्येक पेशीत जन्मतःच असते. पोटातल्या बाळाच्या हाताला आधी बोटं नसतात, नुसता पंजा असतो. मधल्या पेशी ठरलेल्या वेळी आपण होऊन मरतात, म्हणून बोटं सुटी होतात. ठमीने आपली बोटं उघडून बघितली.

मग मी मुद्द्यावर आणलं. म्हटलं, "मॅडम, माझ्यात इतकी वर्षं माझ्या भावाची किडनी आहे. ती आता माझ्या शरीराने आपली मानली असेल ना?" मला तिथे 'हो' हवं होतं, उत्तर व्याख्यानात बसणारं होतं. त्या म्हणाल्या, "छे. एक दिवससुद्धा नाही. तुम्ही गोळ्या घेता म्हणून शरीर गप्प बसतं. ती त्यांचीच आहे, पहिल्या दिवसापासून आजपर्यंत. प्रत्येक पेशीवर त्यांची खूण आहे."

तुला आनंद होईल म्हणून हे लिहीत नाही. माझा युक्तिवाद मालकीबद्दल होता, पेशींबद्दल नव्हता. पण मी त्या स्टुलावर बसून राहिले आणि पुढचा प्रश्न विचारायचं विसरले. असं माझं होत नाही.

घरी येताना ठमी म्हणाली, "म्हणजे मामा इतकी वर्षं आपल्या घरातच होता." तिला गप्प कर म्हणून तुला लिहितेय.

ऐक. ती तेवीस वर्षांची आहे. दिवसभर पाण्यात असते, तिचं शरीर हीच तिची भाकरी आहे. उद्या तिला मूल होईल, उद्या तिला एकच किडनी आहे म्हणून कोणी हुज्जत घालेल. माझं आयुष्य अर्ध्याहून जास्त झालंय. डायलिसिस आहे, प्रतीक्षायादी आहे, माझ्याकडे पर्याय आहेत. तिने द्यायचं काही कारण नाही. माझं ती ऐकत नाही, माझे युक्तिवाद तिने लहानपणीच सगळे ऐकून संपवलेत. ती म्हणते, "मामाला विचारते. त्याने दिली आहे. दिल्यावर काय होतं ते त्यालाच माहीत."

तेव्हा तिचा फोन आला तर उचल. माझा नको उचलूस. तिचा उचल आणि नको म्हणून सांग. तुला जे भोगावं लागलं ते सगळं सांग, कमी करू नकोस. माझ्याबद्दलही सांग. व्याख्यानाबद्दल सांग, कार्डाबद्दल सांग. या बाईला काही देण्यात अर्थ नाही म्हणालास तरी चालेल. एवढं एक काम कर, मग तू आणि मी मोकळे.

ताई


११ मे

मा. विधिज्ञ,

मी तुला माझ्या बाजूने नेमलं होतं. तू उठलास आणि समोरच्या बाजूने बोललास.

ठमी रविवारी दुपारी फोन घेऊन गच्चीत गेली. खाली आली तेव्हा डोळे सुजलेले, आणि हसत होती. मी विचारलं, "काय म्हणाला?" म्हणाली, "दे म्हणाला." मी म्हटलं, "एवढंच? त्याला इतका वेळ?" म्हणाली, "नाही, आधी तुझ्या तक्रारी केल्या. मग माझ्या ऐकल्या. मग दे म्हणाला."

तिला काय सांगितलंस ते तिने मला सगळं सांगितलं नाही, पण थोडं सांगितलं. तू म्हणालास की ऑपरेशनचा त्रास झाला तो महिनाभर. नंतर एक किडनी आहे की दोन, हे तुला आठवतही नाही. आठवायची ती ताई. रोज सकाळी उठलं की वाटायचं, ताईची तब्येत आज कशी असेल, आणि ते विचारायचा तुला काही अधिकार उरलेला नाही, कारण ताईने भर सभेत तो काढून घेतला. "देण्याचं दुखत नाही," असं म्हणालास म्हणे, "दिल्यावर विचारपूस करू दिली नाही की दुखतं."

हे तू मला का सांगितलं नाहीस? मी समोर उभी होते. माईक माझ्या हातात होता हे मान्य, पण व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरं होती.

आता अटी. तू तिला अटी घालून दिल्यास हे कळल्यावर मला राहवेना. दानाला अट घालता येते हे मला माहीत आहे, तुमच्या शास्त्रात चालतं. पण आईवर? पहिली अट म्हणे, आईने या किडनीवर कधीही व्याख्यान द्यायचं नाही. दुसरी, देणारीने कधीही विचारलं की 'कशी आहे', तर खरं उत्तर द्यायचं. 'खाऊनपिऊन आहे' चालणार नाही. ठमीने हे दोन्ही फ्रिजवर चिकटवलंय, पिझ्झाच्या दुकानाच्या नंबराशेजारी. मी अजून मान्य केलेलं नाही. मी तिची किडनी घेणारच नाही, तर अटींचा प्रश्न येतो कुठे?

पण तपासण्या सुरू झाल्यात. ती हट्टाने करतेय. परवा दोघींचं रक्त घेतलं. तिच्या दंडाला ती रबरी पट्टी बांधली आणि तिने माझ्याकडे बघून डोळा मारला. मी दुसरीकडे बघितलं, मला तिथल्या भिंतीवरचा तक्ता वाचायचा होता.

आणि हो. कायद्याची दोन पानं पोचली. तू ती थेट मंडळाला पाठवलीस, मला नाही, याची मी नोंद घेतली आहे. अध्यक्षांनी माझ्याकडे दिली. कंपनी ही कायद्यापुढे व्यक्ती कशी, तिला शरीर नसून ती जन्मते कशी आणि एका आदेशाने मरते कशी, तो भाग फार चांगला आहे. तुझं लिहिणं पूर्वीपेक्षा सुटसुटीत झालंय. पण दानावरच्या परिच्छेदाच्या शेवटी तू लिहिलंयस, 'देणाऱ्याचा हक्क संपतो. देणारा संपत नाही.' पहिलं वाक्य कायदा आहे. दुसरं कायदा नाही. अध्यक्षांनीही त्याच्या शेजारी प्रश्नचिन्ह काढलंय. प्रकरण आधीच लांबलंय, एक ओळ जास्त होतेय. मी संपादक आहे, छाटणं माझं काम आहे. बघते.

ताई


६ जून

धाकट्या,

निकाल आला. मी जिंकले.

तुला माहीत आहे, शेवटची तपासणी अशी की देणाऱ्याच्या पेशी आणि घेणाऱ्याचं रक्त एकत्र करून बघतात. पटलं तर ठीक. तुझ्या वेळी काही झालं नव्हतं, दोघं गुण्यागोविंदाने राहिले होते. या वेळी माझं रक्त ठमीच्या पेशींवर तुटून पडलं. डॉक्टरांनी आम्हाला दोघींना बसवून सांगितलं की हे धोक्याचं आहे, ते हे ऑपरेशन करणार नाहीत.

ठमीला पटेना. "मी हिची मुलगी आहे. अर्धी मी हिचीच आहे."

डॉक्टर म्हणाले, "अर्धी. दुसरी अर्धी वडिलांची." मग त्यांनी समजावलं की पोटात मूल असताना आईचं शरीर त्या परक्या अर्ध्याला सांभाळून घेतं, पण ओळखून ठेवतं. काही बायकांचं रक्त ती ओळख आयुष्यभर विसरत नाही. मूल पोटात असताना चालतं. नंतर त्याच मुलाचा एखादा अवयव द्यायला गेलं की चालत नाही.

मला तिथे हसू आलं, काय करू. मी म्हटलं, "म्हणजे हिच्या बाबांशी माझं पटलं नव्हतं, हे माझ्या रक्ताला अजून आठवतंय. घटस्फोट कोर्टाने केव्हाच दिला होता, शरीराने आत्ता दिला." डॉक्टरही हसले. ठमी हसली नाही. ती उठून बाहेर गेली.

इतके दिवस मी नको नको म्हणत होते. मला जे हवं होतं ते झालं. मुलगी अख्खी राहिली, कोणाला दुखवावं लागलं नाही, युक्तिवादसुद्धा करावा लागला नाही. मी पर्स उचलली आणि तिच्यामागे गेले, ऐटीत, सपाता फटफटवत. ती पाण्याच्या मशीनजवळ उभी होती आणि कागदी पेला भरून वाहत होता तरी बटण दाबून धरलेलं होतं. म्हणाली, "तुला माझं काहीच चालत नाही. शरीरालासुद्धा."

आणि मी म्हटलं, "मला पाहिजे होती."

मी हे ठरवलं नव्हतं. तोंडातून गेलं. मी म्हटलं, "ठमे, मला तुझी किडनी पाहिजे होती. मला जगायचंय. मला मशीनला बांधून घ्यायची भीती वाटते. रोज सकाळी तू निघालीस की मी मनात म्हणायचे, हट्ट सोडू नकोस, माझं ऐकू नकोस."

तिने बटण सोडलं. "मग इतके दिवस नाही नाही का करत होतीस?"

"मागायची सवय नाही मला. तुझ्या मामाने मागायची वेळच येऊ दिली नव्हती."

ते खरं आहे, धाकट्या. डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं की कोणीतरी द्यावी लागेल, आणि वाक्य संपायच्या आत तू म्हणालास, "माझी घ्या, दोन कशाला लागतात." मी घाबरलेली होते, मला रडून तुझे पाय धरायचे होते, आणि तू विनोद करून ते सगळं उडवून लावलंस. मग मलाही आयुष्यभर विनोदच करावा लागला. मला तुझी किडनी पाहिजे होती. फार पाहिजे होती. ती घेताना मी काहीच म्हणाले नाही, आणि म्हणाले ते वर्षाने, माईकवरून, भलतंच.

युक्तिवाद अजूनही बरोबर आहे. तो मी सोडणार नाही. पण त्याला उदाहरण म्हणून तू चालणार नव्हतास. पृथ्वीवर इतक्या वस्तू असताना मी सायकल घ्यायला हवी होती.

ठमीने पेला मला दिला. मला पाणी मोजून प्यावं लागतं आता, तरी मी ते सगळं प्यायले. मग तिने विचारलं, "कशी आहेस?" दुसऱ्या अटीच्या आवाजात. मी खरं उत्तर दिलं. ते फार लांब होतं, गाडीत बसेपर्यंत संपलं नाही.

ताई


१५ जून

धाकट्या,

काल तू फोन केलास आणि म्हणालास, "शून्य बोलतोय." मला उत्तर सुचलं नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत, इतक्या सभा, इतके वाद, मला असं कधी झालं नव्हतं. तू त्याचा फार गाजावाजा करू नयेस ही विनंती. आणि मी नंतर जे रडले ते फोनच्या खराब लाइनमुळे तुला नीट ऐकू आलं नसेल असं मी धरून चालते.

तू येतोयस ते छान. गेस्ट हाउसमध्ये उतरतो वगैरे पोकळ गप्पा बंद. ठमीची खोली तुला, ठमी माझ्या खोलीत. खिडकी घट्ट बसते, उघडताना वरून धक्का द्यावा लागतो. ओले टॉवेल दारामागे सापडतील, ते तिचे आहेत, उचलू नकोस, मी एक भूमिका घेतली आहे.

प्रकरण छपाईला गेलं. तुझं वाक्य जास्त होत होतं, पान पुरत नव्हतं. अध्यक्ष म्हणाले, ते काढा, ते कायदा नाही. मी म्हटलं, प्रकरण कायद्याचं नाही, 'स्व आणि शेवट' यांचं आहे, आणि सगळ्या विभागांत फिरून मला याहून बरं वाक्य मिळालेलं नाही. जागा करायला मी तत्त्वज्ञानाच्या पानातली एक ओळ छाटली. 'दिलेल्या वस्तूत देणारा उरत नाही.' चांगली ओळ होती. टाळ्या पडल्या होत्या तिला. पण संपादकाला स्वतःचंही छाटता आलं पाहिजे.

आता पाहुण्यांचं. डॉक्टरांना मी विचारलं की डायलिसिस सुरू झाल्यावर ही किडनी काढून टाकणार का. मला वाटत होतं, काम संपलं की काढत असतील. ते म्हणाले, "नाही. त्रास देत नसेल तर आम्ही हात लावत नाही. ती आहे तिथेच राहते. थोड्या गोळ्या चालू ठेवू, म्हणजे शरीर तिच्याशी भांडणार नाही." म्हणजे काम करणार नाही, पण राहणार. मी विचारलं, किती दिवस? ते म्हणाले, "तुम्ही आहात तोवर." हा माणूस पहिल्यांदाच विनोद न करता बरं बोलला.

पहिलं डायलिसिस मंगळवारी सकाळी आहे. मी जागा बघून आले. लांब खोली आहे, निळ्या खुर्च्या, मागे रेलता येणाऱ्या, प्रत्येकीजवळ एक मशीन. चार तास एका जागी बसायचं, मध्येच उठता येत नाही, मलाही नाही. नर्स म्हणाली, बोलायला कोणी असलं की वेळ जातो. मी म्हटलं, आमच्याकडे बोलायला कमी नाही.

प्रत्येक खुर्चीजवळ भेटायला येणाऱ्यासाठी एक स्टूल असतं, लोखंडी, बिनपाठीचं. मी बसून बघितलं. बैठक घट्ट आहे. उठलं तरी आपटत नाही.

तुझी ताई